किरकोळ तक्रारींचे अर्थशास्त्र

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) हे शहर ज्या हमरस्त्यावर वसले आहे, त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या पंचवीस वर्षांत दिमाखदार मोटारींचे कारखाने उभे राहिले. २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्रा वसाहतीत स्कोडाची जुळणी सुरू झाली. २००९ साली पुण्याजवळ चाकणला मर्सिडीज-बेंझचा कारखाना आला. खुद्द नगरच्या वाहननगरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, आणि बाजारात येणाऱ्या वाहनाला योग्यतेचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या देशातील मोजक्या संस्थांत तिची गणना होते. त्यामुळे नव्या, महागड्या मोटारीतील बारीकसारीक खोडींचा विषय या जिल्ह्याला परका नाही. संगमनेर, लोणी, शिर्डी, श्रीरामपूर या पट्ट्यात डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, व्यापारी आणि सहकारातील पुढारी यांच्या दारात अशा मोटारी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत.

या मोटारींच्या मालकांचे गाऱ्हाणे काय असते? पाऊण कोटीची मोटार घरी येते आणि पंधरवड्यातच तिचा मोठा पडदा गोठतो. वातानुकूलनापासून गाण्यांपर्यंत सारे त्या पडद्यातूनच चालत असल्याने मालक हतबल होतो. छताच्या काचेतून खडबडीत रस्त्यावर करकर ऐकू येते. धुळीने डोळे भरलेले संवेदक समोर काहीही नसताना धोक्याचा इशारा देत राहतात. मोटार चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. अशा पुष्कळ मोटारींना स्टेपनीच नसते. त्यांचे टायर हवा गेल्यावरही काही अंतर चालतील असे जाड काठाचे केलेले असतात, आणि खड्ड्यात आदळल्यावर तोच काठ फुगतो. तळ जमिनीलगत आणि दोन चाकांमधील अंतर लांब, त्यामुळे गतिरोधकावर पोट घासते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे लांबट उताराचा असावयास हवा. गावोगावचा ठेकेदार तो हातभर रुंद आणि वीतभर उंच करून मोकळा होतो.

या गाऱ्हाण्यांची टर उडविणे सोपे आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत ती उडविलीही जाते. परंतु ते चुकीचे आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क गरिबाइतकाच श्रीमंतालाही आहे. विचार करावयाचा तो त्या गाऱ्हाण्याचे पुढे काय होते याचा.

पुढे असे होते. मालक दूरध्वनी करतो. विक्रेत्याने त्याच्यासाठी नेमून दिलेला माणूस दिलगिरी व्यक्त करतो. मोटार सपाट ट्रकवर चढून पुण्याला किंवा संभाजीनगरला रवाना होते आणि काही वेळा तिच्या जागी बदली मोटारही मिळते. सुटा भाग परदेशातून यावयाचा असेल तर काही आठवडे जातात. मालक चरफडतो, वकिलाची नोटीस धाडतो. प्रकरण वाढलेच तर ते ग्राहक आयोगापर्यंत आणि प्रसंगी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका वादाचा निकाल दिला. एका कंपनीने आपल्या संचालकाच्या वापरासाठी वीसएक वर्षांपूर्वी जर्मन बनावटीची मोटार घेतली होती. मोटारीतील मधला उंचवटा तापतो, ही तक्रार. कंपनीच्या नावे घेतलेली मोटार 'व्यापारी प्रयोजना'साठी असल्याने खरेदीदार ग्राहकच ठरत नाही, हा उत्पादकाचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही.

निकाल कायद्याच्या चौकटीत योग्यच असेल. परंतु त्यातून दिसणारी व्यवस्था पाहण्याजोगी आहे. कंपनीच्या नावावरची मोटार आयकराच्या वहीत धंद्याची मालमत्ता ठरू शकते. तिच्यावर दरसाल १५ टक्के घसारा आणि कर्जावरील व्याज खर्ची घालता येते, म्हणजेच तिच्या किमतीचा काही वाटा सार्वजनिक तिजोरी उचलते. तीच मोटार बिघडली की ग्राहक कायद्याच्या दृष्टीने ती वैयक्तिक उपभोगाची वस्तू ठरते. एकाच वस्तूला दोन दारांनी आत घेण्याची ही सोय कष्टकऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. ट्रॅक्टर घेऊन शेजाऱ्याची चार एकर जमीन भाड्याने नांगरून देणारा शेतकरी आयोगापुढे गेला, तर हा व्यवसाय केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी होता की नाही, याचा वाद समोरचा पक्ष काढल्यावाचून राहत नाही.

कर्जाच्या बाबतीतही हेच. ऑक्टोबर २०१० मध्ये शेजारच्या औरंगाबादेत एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी खरेदी झाल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. त्यातील मोठा भाग सार्वजनिक क्षेत्रातील बँकेने सुमारे ७ टक्के व्याजाने पुरविला. त्या वेळी ट्रॅक्टरच्या कर्जावर मराठवाड्यातील शेतकरी १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मोजत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही तुलना तेव्हाच देशापुढे मांडली होती. घाऊक खरेदीला सवलत मिळणारच, असे बँकेच्या बाजूने म्हणता येईल. परंतु शेतकऱ्यांनी एकत्र येऊन १५० ट्रॅक्टर मागितले असते तर त्यांना ती मिळाली असती काय, याचे उत्तर कोणी दिले नाही.

आता त्याच हमरस्त्यावरच्या दुसऱ्या वाहनाकडे पाहावे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली. खासगी मोटारमालकांच्या मनमानीतून प्रवाशाला सोडविण्यासाठी सरकारने उतरावे, ही त्यामागची दृष्टी होती. म्हणजे नगर हे एसटीचे पहिले मुक्कामाचे गाव. आज या जिल्ह्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यात सर्वांत मोठा, तालुके १४. अकोल्याच्या डोंगरातील आदिवासी विद्यार्थिनीला, पाथर्डीच्या ऊसतोडणी मजुराला आणि जामखेडच्या बाजारकरणीला लाल गाडीवाचून दुसरा आधार नाही.

त्या गाडीतील 'किरकोळ' बिघाड असे असतात : खिडकीची काच सरकत नाही, छत गळते आणि आतील उतारू छत्री उघडतो, आसनाचा पत्रा फाटून साडी अडकते, चढावर इंजिन धूर ओकते, आणि ऐन परीक्षेच्या दिवशी गाडीच येत नाही. या तक्रारींसाठी नेमून दिलेला माणूस नाही, बदली गाडी नाही. माळीवाड्याच्या फलाटावर विचारले तर चौकशीच्या खिडकीतून 'येईल' एवढेच उत्तर मिळते. वाहकावर राग काढला जातो. पण वाहकाने गाडी बनविलेली नाही आणि चालकाने सुटे भाग अडवून ठेवलेले नाहीत. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस या जिल्ह्यातील शेवगाव आगारात एका चालकाने गळफास घेतला. त्यानंतर भडकलेला संप सुमारे पाच महिने चालला. मोडकी गाडी हाकणारा आणि तीत बसणारा, दोघांचेही गाऱ्हाणे ऐकण्याची व्यवस्था या राज्यात नव्हती, हेच त्यातून दिसले.

जून २०२५ मध्ये शासनाने काढलेल्या श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा सुमारे १०,३०० कोटी रुपये आहे. त्याच वर्षी जानेवारीत तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढले. तोटा झाला की भाडे वाढवावे, हा शहाणपणा गरिबाच्या वाहनाबाबत तत्काळ सुचतो. श्रीमंताच्या वाहनाबाबत तो कसा विरघळतो, याचे उदाहरण त्यानंतर दोनच महिन्यांनी मिळाले. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविला होता. अधिवेशन संपण्यापूर्वीच तो मागे घेतला गेला. वस्तू व सेवा कराचे कोष्टकही वाचण्याजोगे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील कराचा भार उपकरासह ४८ ते ५० टक्के होता तो ४० वर आला. विजेची मोटार दहा लाखांची असो की दोन कोटींची, कर ५ टक्केच. बसवरील कर २८ वरून १८ झाला आणि ट्रॅक्टरवरील १२ वरून ५, हे चांगलेच झाले. विजेच्या बसलाही ५ टक्क्यांचाच दर आहे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु खेड्यापाड्यांत धावणारी गाडी बहुतांशी डिझेलचीच आहे. म्हणजे चाळीस उतारूंची गाडी घेताना १८ टक्के आणि एका धनिकाची विजेची मोटार घेताना ५. पर्यावरणाच्या नावाने दिलेली सवलत कोणाच्या अंगणात जाऊन पडते, हे पाहिल्यावाचून तिला पुरोगामी म्हणणे धाडसाचे आहे. चाळीस माणसे एका गाडीत बसविणे हेही पर्यावरणाचेच काम आहे.

तरीही या दोन वाहनांतील उतारूंचे शत्रुत्व मानण्याचे कारण नाही, आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावयाचा मुद्दा हाच आहे. महागड्या मोटारीचा मालक ज्या गोष्टीने गांजला आहे तिचे नाव मक्तेदारी. बिघाड सांगणारी संगणकप्रणाली कंपनीच्या ताब्यात, सुटे भाग कंपनीच्या ताब्यात. नगरचा कसबी मिस्त्री पाना घेऊन उभा असला तरी त्याला आत हात घालता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. मिस्त्री होता तेथेच राहिला. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत. आज मोटारीच्या पडद्याआड लपलेले कुलूप उद्या ट्रॅक्टरलाही लागेल, आणि मग पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला शहरातील अधिकृत कारखान्याची वाट पाहावी लागेल. तेव्हा मोटारमालक, मिस्त्री आणि ट्रॅक्टरवाला यांचे हित या एका प्रश्नावर जुळते. ते जुळवून दाखविणे हे राजकीय कार्य आहे.

या कामासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचीही आवश्यकता नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तिकीट काढणारा उतारू हा ग्राहकच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. कलम ३५ प्रमाणे समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकालाही आयोगाच्या परवानगीने दाद मागता येते. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम ११०-अ नुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्राला देता येतो. ही माहिती मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा अन्य मार्गाने आली तरी चालते. बसचा मालक महामंडळ असल्याने उतारूला तेथे मालक म्हणून आवाज नाही. परंतु 'अन्य मार्ग' त्याला मोकळा आहे, आणि पक्षाच्या शाखेने तो मार्ग व्हावयास हरकत नाही.

प्रत्येक तालुक्यातील शाखेने एका आगाराची जबाबदारी घ्यावी. महिनाभर गाड्यांचे क्रमांक, रद्द फेऱ्या, गळकी छते यांची तारीखवार नोंद ठेवावी. चालक-वाहकांना त्यात विरोधी पक्ष न समजता साक्षीदार मानावे. ती नोंद प्रथम आगारप्रमुखांपुढे आणि दाद न मिळाल्यास जिल्हा आयोगापुढे ठेवावी. तीस लाखांवरच्या मोटारींचा मागे घेतलेला कर पुन्हा बसवावा आणि त्याचे उत्पन्न एसटीच्या नव्या गाड्यांसाठी राखून ठेवावे, ही मागणी त्या नोंदीसोबत जावी.

उरतो तो रस्ता. नगर-मनमाड रस्त्याच्या दुर्दशेसाठी या जिल्ह्याने वर्षानुवर्षे आंदोलने केली. डिसेंबर २०२२ मध्ये एका आमदाराला उपोषणास बसावे लागले. त्या रस्त्याचा खड्डा मोटारीचा टायर फुगवितो आणि एसटीचा पाटाही मोडतो. मात्र टायरची तक्रार सायंकाळपर्यंत संगणकात नोंदली जाते. पाटा मोडून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाडीतील उतारू पोटाशी पिशवी धरून मागच्या गाडीची वाट पाहतात, आणि त्यांची नोंद कोणाकडेही नसते. ती करण्यास वही आणि पेन्सिल एवढेच भांडवल लागते.