दारावरचे हमाल

गेल्या दसऱ्याला आमचे ओझरचे शेजारी नाना सोने द्यायला आले, ते कठडा धरून. विमानांच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला हा गडी. पण आमचा जिना चढताना दोनदा थांबला. म्हणाले, "मांड्या भरून येतात हो! कोलेस्टेरॉलची गोळी वाढवली तेव्हापासून हे सुरू झाले. विचारले तर म्हणतात, वय झाले. परवा सगळ्या गोळ्या केरात टाकल्या." वहिनी नुसत्याच खाली पाहत होत्या. तीन वर्षांपूर्वी नानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

नानांची तक्रार खोटी नव्हती आणि गोळ्या टाकणेही शहाणपणाचे नव्हते. कसे ते पाहू.

पिंपळगावच्या बाजारात माल येतो, तो हमाल आत नेतात. हमाल कमी पडले तर माल रस्त्यावर साचतो. या गोळ्यांचे काम यकृतात असते. यकृताच्या पेशींवर औषध उचलून आत नेणारी प्रथिने असतात. त्यांतल्या एकाचे नाव ओएटीपी-१बी१. हा हमाल घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा फरक आई-बापांकडून आला की तो अशक्त निघतो; मग औषध रक्तात साचते आणि स्नायूंना बाधते. सिम्वास्टॅटिनची रोज ८० मिलिग्रॅम अशी मोठी मात्रा घेणाऱ्यांत हे २००८ साली दिसून आले. असे जनुक एकाकडूनच आले असेल तर स्नायूंच्या विकाराचा धोका सुमारे साडेचार पट, दोघांकडूनही आले असेल तर सुमारे सतरा पट!

गंमत अशी, की या हमालांची चुगली लघवी करते. रक्ताचा लाल रंग तयार होताना कोप्रोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ उरतो. तोही हेच हमाल यकृतात नेतात, तेथून तो पित्तात जातो. हमाल नसले तर तो लघवीची वाट धरतो. मनिलाचे डॉक्टर आर्तुरो रोटोर हे कथालेखकही होते. डोळे पिवळे, पण प्रकृती ठणठणीत, अशा रोग्यांचे वर्णन त्यांनी १९४८ साली केले. त्यांच्या लघवीत हा पदार्थ कितीतरी पटीने अधिक सापडतो. त्यांच्यात दोन प्रकारचे हमाल मुळीच नसतात, हे कारण २०१२ साली कळले. आता नवे औषध या हमालांना अडवते काय, हे जोखायलाही संशोधक हाच पदार्थ मोजतात.

मात्र नेहमीच्या लघवी-तपासणीत हे पाहत नाहीत. हमाल नुसता अशक्त असेल तर फरकही बारीकच पडतो. जनुकाची तपासणी अधिक स्पष्ट सांगते. शिवाय प्रत्येक दुखणे गोळीचेच नसते. नकली गोळी दिलेल्यांपैकीही पुष्कळांचे अंग दुखते. म्हणून गोळी मनाने बंद करू नये आणि दुखणेही अंगावर काढू नये. डॉक्टरांना सांगावे, ते रक्त तपासून मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. पण अंगदुखीबरोबर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

वहिनींनी नानांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. गोळी बदलली, मात्रा उतरली. यंदा गणपतीच्या आरतीला नाना आमचा जिना न थांबता चढले. वर येऊन म्हणाले, "हमाल अशक्त असले म्हणून बाजार बंद करायचा नसतो, ओझे कमी करायचे!"