चव आईच्या हातात नव्हती, मापात होती



आपल्याकडे दर रविवारी एक तरी पोस्ट येते : "आईच्या हातच्या कोंबडीच्या रश्श्याची चव आता कुठे!" खाली शंभर बदाम, पन्नास रडके चेहरे. आणि त्याच दुपारी त्याच घरात चिकन मसाल्याचं पाकीट फुटतं. रागावू नका, पण हे गळे काढणं मला पटत नाही. चव हातात नसते, मापात असते. ते माप बहुतेकांनी आईला कधी विचारलंच नाही.

मी बी.कॉम., बँकेत ३४ वर्षं काढली. तोंडी व्यवहार मला चालत नाही. १९८३ च्या उन्हाळ्यात आई काया मसाला करायला बसली, तेव्हा तिची प्रत्येक मूठ मी काट्यावर ठेवली. ती हसली, "सोनं मोजस का मसाला रे?" आई गेली. तो कागद माझ्याकडे आहे.

पाकिटात विष असतं, असं मी म्हणत नाही. २०२४ साली हाँगकाँग-सिंगापूरनं काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडवरून कारवाई केली, त्याचे फॉरवर्ड मलाही आले. बाजारातले सुटे धणे तरी कुणी तपासलेत? माझा मुद्दा वेगळा आहे. पाकिटाच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, ते एकदा चष्मा लावून वाचा. बहुतेक वेळा धणे-मिरची पुढे, लवंग-दालचिनी शेपटाला. अनेक पाकिटांत मीठही असतं, म्हणजे मीठ आपण मसाल्याच्या भावानं घेतो. आणि तीच चव नंदुरबारवाल्याच्या, कोल्हापूरवाल्याच्या आणि मालवणवाल्याच्या ताटात. मग आपण वेगळे राहिलो कशात?

आता लोक सांगतात त्या सबबी बघू.

पहिली, वेळ नाही. मसाला वर्षाचा करायला कुणी सांगितलंय? माझं आजचं माप : धणे १०० ग्रॅम, बेडगी ५० ग्रॅम, लवंगी २५ ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम. शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा आणि दगडफूल प्रत्येकी ५ ग्रॅम. एकूण २२० ग्रॅम. अर्ध्या किलो कोंबडीला १५ ग्रॅम धरा, चौदा वेळा पुरतो. मंद आचेवर एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धण्याला लागतो तेवढ्या वेळात दगडफूल जळून जातं. मिरचीला थेंबभर तेल लावून ती शेवटी घ्यायची, ठसका कमी उठतो. गार झाल्यावर मिक्सरमधून काढायचा. पाऊण तास लागतो, क्रिकेटच्या मॅचपेक्षा कितीतरी कमी. सुकं खोबरं, तीळ, खसखस यात घालू नका. आपल्याकडच्या दमट हवेत खोबरं खवट होतं. ते भाजलेल्या कांद्या-लसणाबरोबर त्या दिवशीच्या वाटणात घ्या.

दुसरी सबब लोक हळू आवाजात सांगतात. "काका, सोसायटीत वास जातो. शेजारी काय म्हणतील?" मी कामरेजला राहतो, आमच्या मजल्यावर मराठी घर एकच. म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे. अहो, मसाला शाकाहारीच असतो! धणे-मिरची भाजल्याचा वास कोंबडीचा नसतो. याच मसाल्यावर आपली शेवभाजी होते, वांग्याची भाजी होते. होळीनंतर गुजराती घरांतही वर्षाचं तिखट-मसाला भरतातच की. शेजाऱ्यांचा मान राखावा, खिडकी-एक्झॉस्ट बघून भाजावं, एवढं पुरे. आपल्याला कुणी अडवलेलं नसतं. आपणच आधी लाजतो आणि त्या लाजेला 'वेळ नाही' असं नाव देतो.

तिसरी सबब सुनांची आहे आणि ती खरी आहे. "तुम्हाला चव पाहिजे, पण कढईपुढे खोकायचं आम्ही." बरोबर बोलतात. आईच्या हातच्या चवीचं कौतुक करणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांनी तिच्या हाताची आग पाहिली? मिरची कुटल्यावर रात्रभर तिचे हात पेटलेले असायचे. म्हणून सबब काढून टाकायची तर काम वाटून घ्या. आपण पेन्शनर पुरुष सकाळी दोन तास मोबाईलवर सुविचार पाठवतो. त्यातला पाऊण तास गॅससमोर उभे राहा. आमच्याकडे निवृत्तीपासून मसाला मीच भाजतो. सौ. फक्त मीठ बघते, आणि त्यावरही बोलते.

खानदेशातून वाहत आलेली तापी आमच्या कामरेजवरूनच सुरतेला जाते. तिच्यामागोमाग, नंदुरबारच्या रेल्वेनं, आपली किती घरं उधना-लिंबायतला आली. मिरचीची पोतीही त्याच गाडीनं यायची. आता पोतं नको, पाव किलो पुरे. पण माप पाहिजे.

तेव्हा विनंती अशी. ज्यांची आई, काकू, मोठी बहीण अजून हयात आहे, त्यांनी येत्या रविवारी वजनकाटा घेऊन तिच्यापुढे बसा. "अंदाजानं" हा शब्द ऐकून घेऊ नका, मूठ मोजा. मग जिन्नस आणि ग्रॅम इथे खाली लिहा, गावाच्या नावासकट. रडका चेहरा टाकू नका, त्याला चव नसते.