ताबा कोणाचा आणि हित कोणाचे?

जमिनीचा ताबा असतो, घराचा ताबा असतो, जप्त केलेल्या मालाचाही ताबा असतो. न्यायालयाच्या परिभाषेत मुलाचाही ताबाच असतो. पती-पत्नी विभक्त होऊ लागली की घर कोणाचे, दागिने कोणाचे, बँकेतील ठेव कोणाची, या यादीत मूलही एक बाब म्हणून येऊन बसते. शब्द जुना आहे आणि कायद्याच्या सोयीसाठी तो रूढ झाला आहे, हे मान्य केले तरी शब्द विचारालाही वळण लावतात. ताबा एकाला मिळाला म्हणजे दुसऱ्याचा गेला, ही कल्पना वस्तूच्या बाबतीत योग्यच आहे. जन्मदात्यांच्या बाबतीत ती कितपत योग्य, हा खरा प्रश्न आहे. विभक्त झालेल्या मातापित्यांनी मुलाचे पालकत्व मात्र संयुक्तपणे सांभाळावे, या विचाराकडे याच दृष्टीने पाहावयास हवे.

कायद्याची वाटचाल

या विषयावरील मूळ कायदा ब्रिटिश अमदानीतला, म्हणजे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम होय. त्यानंतर १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आला. त्याच्या सहाव्या कलमानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सामान्यतः मातेकडे असावा. तेराव्या कलमाने मुलाचे हित हाच सर्वोपरी विचार ठरविला. हिंदू विवाह अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाने विवाहविषयक दावा चालू असतानाच ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा आणि ते पुढे बदलण्याचा अधिकार न्यायालयास दिला.

न्यायालयांनी या चौकटीचा अर्थ क्रमाक्रमाने व्यापक केला. मुले म्हणजे मालमत्ता नव्हे आणि आईबापांची खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ सालीच बजावले. गीता हरिहरन प्रकरणाचा उगम तर एका साध्या अर्जात होता. अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी केलेल्या अर्जावर पालक म्हणून आईची सही चालेना. १९९९ मध्ये न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतरच असा नसून त्याच्या अनुपस्थितीतही असा होतो, असा निर्णय दिला. मातेचे पालकत्व त्यामुळे पुष्कळ अंशी मान्य झाले. तथापि, दोघेही समोर असताना, दोघेही समर्थ असताना आणि दोघांनाही मूल हवे असताना काय करावयाचे, या प्रश्नाचे थेट उत्तर कायद्याच्या शब्दांत आजही सापडत नाही.

एक जिंकतो, एक पाहुणा होतो

साहजिकच प्रचलित पद्धत अशी की, ताबा एकाकडे आणि दुसऱ्यास भेटीचा हक्क. महिन्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक तास, कधी न्यायालयाच्याच आवारातील मुलांच्या खोलीत ही भेट होते. भिंतीवर चित्रे असतात, कोपऱ्यात खेळणी असतात; परंतु ज्या पित्याने वा मातेने कालपर्यंत मुलाचा अभ्यास घेतला, त्याला ताप आला तेव्हा रात्र जागवली, त्याला आता घड्याळाकडे पाहत प्रेम करावे लागते. दोन तासांत कोणी मुलाला रागावत नाही, शिस्तही लावीत नाही. खाऊ आणि खेळणी यांवरच नाते तोलले जाते. हळूहळू मूल येण्यास कंटाळते, त्याच्या कंटाळ्याचा अर्थ परस्परांच्या कारस्थानात शोधला जातो आणि नवा अर्ज दाखल होतो.

याहून अधिक हानी होते ती दाव्याच्या काळात. सर्व काही एकालाच मिळणार असेल, तर दुसरा अपात्र आहे हे सिद्ध करण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. मग आई नोकरीस जाते म्हणून मुलाकडे दुर्लक्ष होते, बाप उशिरा घरी येतो म्हणून त्याला जिव्हाळा नाही, असे आरोप प्रतिज्ञापत्रांत उतरतात. जी दोन माणसे पुढे वर्षानुवर्षे एका मुलाची आईबाप राहणार आहेत, त्यांच्यात उरलासुरला सलोखाही या लढ्यात जळून जातो. किंबहुना मुलाचे नुकसान विभक्त होण्याने जितके होते, त्याहून अधिक ते विभक्त होण्याच्या या रीतीने होते.

संयुक्त म्हणजे अर्धे-अर्धे नव्हे

संयुक्त ताबा म्हणताच मुलाची वाटणी अशी कल्पना पुष्कळांच्या मनात येते. ती चुकीची आहे. यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूल राहणार कोठे ही एक. आणि त्याच्या आयुष्यासंबंधीचे निर्णय घेणार कोण, ही दुसरी. शाळा कोणती, शिक्षणाचे माध्यम कोणते, शस्त्रक्रियेस संमती कोणाची, पासपोर्टाच्या अर्जावर सही कोणाची, हे निर्णय दोघांनी मिळून घ्यावयाचे आणि मूल मुख्यतः एकाच घरी राहावयाचे, अशी व्यवस्थाही संयुक्तच होय. दुसऱ्या प्रकारात राहणेही वाटून घेतले जाते. पण ते दिवसांची समसमान मोजणी करूनच व्हावे, असे नाही.

कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाबाबत असाच आदेश दिला होता. १ जानेवारी ते ३० जून या काळात मूल पित्याकडे आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात मातेकडे. ज्याच्याकडे मूल नाही त्याला शनिवार-रविवारी भेट. आणि शिक्षणाचा खर्च दोघांनी सारखा उचलावयाचा. विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यातच करावी आणि मातापिता दोघांनाही समान नैसर्गिक पालक मानावे, अशी शिफारस केली. संयुक्त ताबा हा सरसकट नियम करावा, असे मात्र आयोगाने म्हटले नाही. मुलाच्या हितास तो पोषक असेल तेथेच तो द्यावा, हा त्याचा विवेक होता. या शिफारशींचे कायद्यात रूपांतर अद्याप झालेले नाही. जे काही घडते ते न्यायाधीशांच्या विवेकबुद्धीवर आणि पक्षकारांच्या संमतीवर.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या पद्धतीवरील आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, मुलाचा चेंडू होईल; आज या अंगणात, उद्या त्या अंगणात. दोन घरे एकाच उपनगरात असतील, तर आठवड्याची वाटणी सुसह्य होईल. एक घर नाशकात आणि दुसरे पुण्यात असेल, तर शाळेचे वर्ष एका ठिकाणी आणि दिवाळीची व मे महिन्याची सुटी बव्हंशी दुसऱ्या ठिकाणी, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तान्ह्या बाळाचा विचार निराळा आणि दहावीच्या उंबरठ्यावरील मुलीचा निराळा. मूल स्वतःचे मत बनविण्याइतके जाणते असेल, तर त्याची इच्छा लक्षात घेण्यास १८९० च्या कायद्यानेच न्यायालयास मुभा दिली आहे. या मुभेचा उपयोग मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून नव्हे, तर न्यायाधीशांनी आपल्या दालनात त्याच्याशी बोलून केला पाहिजे.

दुसरा आक्षेप आर्थिक आहे. ‘मूल अर्धा वेळ माझ्याकडे असते, मग खर्च कशाला देऊ?’ असे म्हणून निर्वाहखर्चातून सुटण्याची वाट काही जण यातून शोधतील, ही भीती अनाठायी नाही. नोकरी सोडून घर सांभाळलेल्या स्त्रीची मिळकत आणि पुरुषाचा पगार यांत महदंतर असते. म्हणून वेळाची वाटणी आणि खर्चाची वाटणी या दोन गोष्टी न्यायालयाने अलग ठेवल्या पाहिजेत. खर्च ऐपतीनुसार ठरावा, दिवसांच्या हिशेबाने नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या घरात मारहाण झाली आहे, जेथे स्त्री वा मूल जीव मुठीत धरून राहिले आहे, तेथे एकत्र निर्णयाचा आग्रह म्हणजे भीतीलाच कायद्याचे संरक्षण देणे होय. अशा प्रकरणी संयुक्त ताबा नाकारणे हेच मुलाचे हित. संयुक्त ताबा हा सरसकट नियम होऊ नये, याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

तपशील हाच आत्मा

तेव्हा प्रश्न तत्त्वाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. ‘दोघांनी सामंजस्याने ठरवावे’ एवढ्या एका वाक्याचा आदेश हा पुढील भांडणाला दिलेले आमंत्रण असते. गणपती कोणत्या वर्षी कोणाकडे, शाळेतून मुलाला कोणी आणावयाचे, आजी-आजोबांची भेट केव्हा, मूल आजारी पडल्यास किती वेळात कळवावयाचे, बदली झाल्यास काय, फी कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत भरावयाची, हे सारे लेखी ठरले पाहिजे आणि ठरावीक काळाने त्याचा फेरविचारही झाला पाहिजे. प्रत्यक्ष भेट अशक्य असेल तेथे दूरध्वनीवरून व व्हिडिओद्वारे संपर्क ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात अधोरेखित केला आहे. असा आराखडा तयार करण्याचे काम वकिलांच्या युक्तिवादापेक्षा समुपदेशकांच्या टेबलावर अधिक चांगले होते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमामागील हेतूही तोच होता. परंतु समुपदेशकापुढे प्रकरणांचे ढीग असतील, तर त्या हेतूला अर्थ उरत नाही.

न्यायालयाबाहेरही काही जबाबदारी आहे. प्रगतिपुस्तक एकाच्याच सहीने परत घेणारा शिक्षक आणि ‘दोघांपैकी खरे पालक कोण ते आधी ठरवून या’ असे खिडकीतून सांगणारा कारकून हे दोघेही नकळत मुलाच्या आयुष्यातून एका पालकाला वजा करीत असतात. न्यायालयाचा आदेश फाइलीत लावून ठेवावा, त्यात प्रतिबंध नसेल तर पालकसभेची सूचना दोन पत्त्यांवर पाठवावी, मुलाला वर्गासमोर घरचे प्रश्न विचारू नयेत, एवढे केले तरी पुष्कळ होईल. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

विवाह मोडू शकतो. तसा अधिकार कायद्याने दिला आहे आणि अनेकदा तो मोडणेच श्रेयस्कर असते. पण पती-पत्नीचे नाते संपविणाऱ्या हुकूमनाम्याने आई-बापाचे नाते संपत नाही. विधी आयोगाच्या शिफारशी संसदेसमोर येतील तेव्हा येतील. तोवर, न्यायालयाच्या पायरीवर उभ्या असलेल्या दोघांनी मूल कोणाला मिळणार, हा प्रश्न थोडा बाजूस ठेवून मुलाला कोण कोण मिळणार, असा प्रश्न स्वतःला विचारला, तर पुष्कळ अर्ज लिहिलेच जाणार नाहीत.