पाथरीला वाफा द्या

रानभाज्यांचे महोत्सव ऑगस्टात भरतात, आदिवासी दिनाच्या आगेमागे. करटोली, टाकळा, कुरडू, भारंगी यांचे फोटो पेपरात येतात आणि रानभाजी म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरातली, पावसाळी वस्तू, ही समजूत आणखी घट्ट होते. गावरान बियाणं जपणाऱ्या अकोल्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्याचा अभिमान सगळ्या जिल्ह्याला आहे आणि तो असायलाच हवा. पण याच जिल्ह्यातल्या राहुरी, नेवासा, श्रीरामपूरच्या काळ्या सपाट रानाचीही एक भाजी आहे. ती थंडीत जोमात असते आणि तिच्यासाठी कुणी मांडव घालत नाही. तिचं नाव पाथरी. तिला परसबागेत हक्काचा वाफा मिळाला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

पाथरी सूर्यफूल, शेवंती, करडईच्या कुळातली. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, कडा दातेरी, पान तोडलं की पांढरा चीक बोटाला लागतो. फूल पिवळंधमक, आणि जवळून पाहिलं तर प्रत्येक पाकळीच्या टोकाला पाच बारीक दाते. बियांना पांढरी रेशमी पिसं असतात, त्यांवर त्या वाऱ्याने उडतात. मूळ खोल जातं, त्यामुळे खुरपं वरवर फिरलं तर ती पुन्हा फुटते. कोवळी पानं तेल-मीठ आणि शेंगदाण्याचा कूट घालून भाकरीबरोबर कच्चीच खातात, किंवा मूगडाळीत शिजवतात. चव कडसर.

ही भाजी कधी कुणी पेरली नाही, तरी ती ताटात होती, कारण खुरपणी होती. ज्वारीत, गव्हात, कांद्यात खुरपणाऱ्या बाया तण काढताकाढता पाथरी वेगळी ठेवायच्या आणि संध्याकाळी ओच्यात घालून घरी न्यायच्या. उरलेली गुरांपुढे पडायची, तिने दूध वाढतं असं लोक अजूनही सांगतात. मुळा धरणाच्या कालव्यांनी ऊस-कांद्याचं राज्य आणलं, पुढे मजूर मिळेनासे झाले आणि फवारणीचा पंप आला. टू-फोर-डी हे तणनाशक उसासारख्या गवतवर्गीय पिकाला सहसा धक्का लावत नाही, रुंद पानाचं तण मात्र जाळतं. कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन मारतात. पाथरी रुंद पानाची, म्हणजे नेमकी माऱ्यात सापडणारी. तणनाशकांवर माझा राग आहे, पण इथे शेतकऱ्याला बोल लावणं अन्यायाचं होईल. खुरपणीचा खर्च त्याला खरंच झेपत नाही. झालं मात्र असं की बाईची मजुरी आणि तिची फुकटची भाजी, दोन्ही एकाच पंपाने नेली. त्याची नोंद कुठल्याही ताळेबंदात नाही, कारण त्या भाजीला बाजारभावच नव्हता.

पाथरी वाफ्यात लावा म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: बांधावर अजून उगवते की, मग लावायची कशाला? उगवते, हे खरं. पण त्या बांधावर चार दिवसांपूर्वी काय फवारलं, हे तोडणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. कच्ची खायची भाजी अशा भरवशावर आणायची नसते. दारातल्या वाफ्याचा हिशेब घरच्यांना ठाऊक असतो. दुसरा आक्षेप, तण मुद्दाम लावणं हा वेडेपणा आहे. मग चाकवताचं काय? गव्हातलं ते अस्सल तण आहे, तरी आपण त्याचं बी आणून वाफ्यात टाकतो आणि मंडईत जुडीला पैसे मोजतो. हॉटेलातलं लेट्यूस तर पाथरीचंच भावबंद. त्याचा रानटी पूर्वज काटेरी, कडू आणि चिकाळ होता. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याला मऊ केलं. फ्रान्समध्ये याच गोतावळ्यातलं पिवळ्या फुलाचं डँडेलियन बागेत लावतात आणि पानं झाकून ठेवून त्यांचा कडवटपणा कमी करतात. आपल्याकडे एवढीही खटपट कुणी पाथरीसाठी केलेली नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. बी उडून शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं तर? शेजाऱ्याची तक्रार रास्तच ठरेल. पण पानं खायला चांगली असतात ती फुलाचा दांडा वर येण्याआधी. दांडे वेळेवर खुडले तर भाजीही कोवळी मिळते आणि पिसंही उडत नाहीत. बियाण्यापुरती दोन-चार झाडं राखावीत, त्यांच्या बोंडांवर मलमलीचं फडकं बांधावं.

बियाण्याचा प्रश्न मात्र एकट्यादुकट्याने सुटणार नाही, आणि तो राहुरीतच सुटू शकतो. तिथलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं. 'बसवंत ७८०', 'फुले समर्थ' असे कांद्याचे वाण त्याने दिले, तसंच पाथरीचं बीही त्याने द्यावं. तण कसं मारावं हे शिकवणाऱ्या विद्यापीठाने तणाचंच बी विकावं का, असं कुणी विचारेल. शेतातलं तण आणि वाफ्यातली भाजी ही दोन वेगळी कामं आहेत आणि विद्यापीठाला दोन्ही जमतात. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांतून बी गोळा करावं, कमी कडू आणि रुंद पानाची झाडं निवडावीत आणि मेथी-चाकवताच्या बियाण्याशेजारी पाथरीचं छोटं पाकीट विक्रीला ठेवावं. पाकिटावर एवढं छापलं तरी पुरे: बी हलकं आहे, बारीक वाळूत मिसळून फोकावं, खोल गाडू नये, पाणी बेताचं द्यावं आणि वाफ्याला शेळीपासून कुंपण करावं.