काच अमेरिकेची, ऊन कामठीचं

राजेहो, पोस्ट लंबी आहे, पण वाचा.

मागच्या मे महिन्यात वडिलांना घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो होतो. नाव घेत नाही. नवी इमारत, समोरून अख्खी निळी काच, कडेला चकचकीत एसीपीचे पत्रे. आत एसी बंद आणि खिडकी उघडायची सोयच नाही. बाहेर रांगेत वीतभर सावली नाही. पारा 45 च्या वर. एकाला विचारलं, काहून बाप्पा अशी बांधली? म्हणे, "मॉडर्न आहे भाऊ, अमेरिकेसारखी."

ही थाप आहे. अमेरिकेतली मॉडर्न वास्तुकला शिकून भारतात आणणाऱ्या पहिल्या लोकांत एक मराठी माणूस होता, अच्युत कानविंदे. जन्म 1916, सिंधुदुर्गातलं आचरा. जे. जे. मध्ये शिकले, 1945 मध्ये सरकारने हार्वर्डला पाठवलं. तिथे गुरू वॉल्टर ग्रोपियस, बाउहाउस काढणारा, नाझींच्या काळात जर्मनी सोडून अमेरिकेत स्थिरावलेला. म्हणजे थेट विहिरीवरचं पाणी! परत आल्यावर सुरुवातीच्या इमारती गुरूच्याच वळणाच्या होत्या. पण हा माणूस तिथे थांबला नाही.

आयआयटी कानपूर बघा. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच. संस्था उभी राहिली अमेरिकेच्या मदतीने, नऊ अमेरिकी विद्यापीठं सोबत होती. काच लावायला याहून चांगलं निमित्त कोणतं? कानविंद्यांनी लावली वीट आणि उघडं काँक्रीट. एका इमारतीतून दुसरीत जायला छत असलेले लांब रस्ते, पोरांच्या डोक्यावर ऊन नको म्हणून. मेहसाण्याच्या दूधडेअरीत गरम हवा वर निघून जावी म्हणून छतावर उंच धुरांड्यांसारखे मनोरेच उभे केले. मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचंच. 1974 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या शाळेत कोणी नाव तरी सांगितलं का?

काहीजण म्हणतील, विटेच्या इमारती गळतात, अहमदाबादचं आयआयएम बघा. खरं आहे. अमेरिकेच्या लुई कानने बांधलेली तिथली वसतिगृहं गळतात, तडे गेलेत. 2020 मध्ये 18 पैकी 14 पाडायचं ठरलं, जगभरातून ओरड झाली, निर्णय मागे घ्यावा लागला, वाद पुढेही चालूच राहिला. पण त्याच आवारातलं कानचं ग्रंथालय मुंबईच्या वृंदा सोमय्यांनी दुरुस्त करून दाखवलं. वीट दुरुस्त होते. एसीपीचा पत्रा निघाला की आत काय दिसतं ते आपण रोज पाहतो.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या छावणीतले जुने बंगले बघा. 1821 ची छावणी. गोऱ्यांचं कौतुक करायचं नाही मला, पण उंच छत, कवेलू आणि रुंद व्हरांडा इतकं त्यांनाही कळलं होतं. आज आपल्याच तालुक्यात कोराडीचं वीज केंद्र, राख आपल्या नाकात, आणि तीच वीज काचेचा डबा थंड करायला! त्या राखेच्या विटा होतात, त्या मात्र टेंडरमध्ये दिसत नाहीत.

पुढच्या वेळी नव्या इमारतीच्या भूमिपूजनाचा फ्लेक्स लागला की नगरसेवकाला फोटोत धरा आणि तीनच गोष्टी विचारा: पश्चिमेच्या भिंतीवर सावली कशाची? खिडकी उघडते का? रांग कुठे उभी राहणार?