यादी खुली, नंबर कुलूपबंद

अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२५ मध्ये राज्यांकडे मतदारांचे वाहन परवाना क्रमांकही मागितले. अनेक राज्यांनी साफ नकार दिला. आपल्याकडे अशा नकाराची सोयच नाही. राज्यघटनेच्या कलम ३२४ नुसार मतदार यादी केंद्रीय निवडणूक आयोगाच्या हाती. महापालिकेसाठी राज्य आयोगही तीच प्रभागवार फोडून वापरतो. या यादीची आधार जोडणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रोखली, २०२१ च्या कायदादुरुस्तीने ती परतली. आधार सक्तीचा नाही, हे केंद्रीय आयोगाने २०२३ मध्ये न्यायालयात मान्य केले.

प्रसिद्ध होणाऱ्या यादीत नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक, वय असते. मोबाइल नंबर नसतो. तरीही निवडणूक आली की छत्रपती संभाजीनगरात सिडकोपासून गारखेड्यापर्यंत फोन खणखणतात: ‘ताई, तुमचं मतदान अमुक शाळेत, खोली नंबर दोन.’ हा नंबर दिला कोणी?

दुबार नावे पकडायची तर यादी खुलीच हवी. अर्जातला नंबर आणि आधार मात्र आयोगाबाहेर जाता कामा नये. मतदारांचे नंबर कुठून मिळवले, हे प्रत्येक उमेदवाराने लेखी द्यावे. राज्य आयोगाने तशी सक्तीच करावी.