मेडिकलवाल्यालाही सांगा

हृदयात यांत्रिक कृत्रिम झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी रोज घ्यावी लागते. ओपीडीत आयएनआर ही रक्ताची तपासणी करून डोस ठरतो. पण गुडघा दुखला की आपण कोपऱ्यावरून डायक्लोफिनॅक आणतो. मेडिकलवाला विचारत नाही, आपण सांगत नाही! त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचा जोर वाढवते. क्षयावरची रिफाम्पिसिन उलट तो इतका घटवते की झडपेवर गुठळी धरू शकते. म्हणून डोस वाढवतात. पण क्षयाचा कोर्स संपल्यावर तोच डोस चालू राहिला तर पुन्हा रक्तस्रावाचे भय. नवे औषध सुरू वा बंद होताना डॉक्टरांना विचारून आयएनआर तपासावा. शौचास डांबरासारखे काळे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मात्र घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.